आमच्या घरच्या चहात आलं काहून नसतं

चहा घ्या. पहिला घोट घेतल्याबरोबर तुम्ही काय विचारणार, ते मला ठाऊक आहे. जानेवारीची थंडी, बाहेर धुकं, आणि चहात आलं काहून नाही? वेलची काहून?

तर त्याचं कारण असं की माझ्यासारखा मूर्ख अख्ख्या जबलपुरात दुसरा सापडणार नाही. हे मी नम्रपणाने म्हणून राहिलो नाही. कॉलनीत साक्षीदार आहेत. आमच्या बायकोला, वंदनाला विचारा, ती तर न विचारताच सांगते. पण ती सांगते तेव्हा फार हसते आणि मधले मुद्दे गाळते, म्हणून मीच सांगतो.

मी शाळेत भूगोल शिकवतो. पण कॉलनीत मला कोणी भूगोलासाठी ओळखत नाही, कुंड्यांसाठी ओळखतात. एका वर्षी आमच्या गच्चीवर टोमॅटो इतके लागले की मी पिशवी घेऊन घरोघरी वाटत सुटलो, आणि जिथे टोमॅटो दिले तिथे सोबत सल्लाही दिला. टोमॅटो महिनाभरात संपले. सल्ला काही संपला नाही.

कोणाच्या जास्वंदीला पांढरी कीड लागली की मला फोन. कोणाचा कढीपत्ता खुरटला की मला फोन. आणि नाही आला फोन, तरी मी फाटकाशी थांबून सांगायचोच, की वहिनी, त्याला आठवड्यातून एकदा आंबट ताक पाणी घालून द्या, पहा कसा फुटतो ते. आणि तो फुटायचा हो. माझे सल्ले बरोबर निघायचे, तिथेच तर सगळा घोटाळा झाला. चुकले असते तर मी वेळीच गप्प बसलो असतो.

आमच्या शेजारी सुधाकाकू राहतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. काका गेले, मुलगी पुण्याला, त्या एकट्या. त्यांच्या गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत आणि सगळ्या अशा बहरलेल्या की मला आतून थोडा रागच यायचा. कारण काकू कधी कोणाला सल्ला देत नाहीत. सकाळी उठतात, झाडांजवळ जातात, काहीतरी खुडतात, काहीतरी पुटपुटतात आणि खाली येतात. झालं.

या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीनंतर काकू पुण्याला निघाल्या. मुलीचं बाळंतपण होतं. रामनवमीपर्यंत तिकडेच राहणार होत्या. घराची आणि गच्चीची किल्ली माझ्याकडे. आदल्या संध्याकाळी मला वर घेऊन गेल्या, हातात एक कागद, त्यावर एकेका कुंडीचं लिहिलेलं. एकेक कुंडी दाखवत चालल्या.

आता मी काय करायला पाहिजे होतं? ऐकायला पाहिजे होतं. मी काय केलं? त्या म्हणाल्या, मोगरा जानेवारीच्या शेवटी छाट. मी म्हटलं, काकू, छाटण्याआधी आठ दिवस पाणी तोडायचं असतं बरं का. त्या म्हणाल्या, गुलाबाला शेणखत दे. मी म्हटलं, काकू, शेणखत चांगलं कुजलेलं पाहिजे, ताजं घातलं तर मुळं जळतात. ज्या बाईचे हात पन्नास वर्षं मातीत आहेत तिला मी हे शिकवून राहिलो होतो! आणि ती माउली प्रत्येक वेळी "हो रे" म्हणून राहिली होती.

शेवटी कोपऱ्यात एक जुनी मातीची कुंडी. आत काहीच नाही. नुसती कोरडी, रेताड माती. पावसाळ्यात त्यात रुंद पानं असायची ते मी पाहिलं होतं, हळद असेल असं समजलो होतो. काकू त्या कुंडीच्या काठावर हात ठेवून बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. हळू आवाजात. माझ्या कानावर अचलपूर आलं, आई आली, झोप आली. पण माझं लक्ष पलीकडच्या जास्वंदीवर. तिच्या शेंड्यावर मला कीड दिसली होती आणि साबणाचं पाणी किती पातळ करावं याचा मी मनात हिशोब करत होतो.

"लक्षात राहील ना रे विनू?" काकूंनी विचारलं.

"लिहून घ्या," मी म्हटलं.

दोन महिने माझी ड्यूटी चोख झाली. खोटं कशाला बोलू? बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालून पाहायचं, कोरडं लागलं तरच पाणी, हा माझा नियम. थंडीत तर लोक झाडांना पाणी पाजून पाजूनच मारतात. काकूंच्या कागदाप्रमाणे सगळं केलं. त्या कोपऱ्यातल्या कुंडीचं कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. जे तोंडी इतकं जीव लावून सांगितलं ते कागदावर कशाला लिहितील? पण हे मला आज सुचतं.

मग जानेवारी आला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांमध्ये विषय निघाला की सर सगळ्यांना वेगवेगळं सांगतात, एकदा सगळ्यांना एकत्रच सांगा ना. मला काय, तेवढंच पाहिजे होतं. आमच्या गच्चीवर चार कुंड्या आणि एक मोडका कूलर, म्हणून काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, घे की माझ्या गच्चीवर, झाडांनाही बरं वाटेल. रविवारी सकाळी उन्हात सतरंजी टाकली. नऊ माणसं आली. मी टोपी घातली होती. वंदना म्हणते टोपी पाहिली तेव्हाच तिला कळलं होतं की आज काहीतरी होणार.

क्लास मात्र रंगला, हे ती पण कबूल करते. चहाची पत्ती धुऊन मगच कुंडीत घालायची, साखर राहिली तर मुंग्या होतात. पांढऱ्या किडीला साबणाचं पातळ पाणी, पण कडक उन्हात फवारायचं नाही. आपल्याकडे एप्रिल लागला की हिरवी जाळी बांधायचीच, नाहीतर पानं करपतात. लोक माना डोलवून राहिले होते. आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी श्वेता तर वहीत लिहून घेत होती. वडील मराठी, पण लहानपणापासून घरात सगळी हिंदी. तिला मराठी समजते सगळी, बोलायची वेळ आली की हिंदीत सुरू होते. कॉलनीत खोली घेऊन राहते आणि तिच्याकडे तोवर एकही झाड नव्हतं.

इथे थांबलो असतो तर आज तुम्ही आल्याचा चहा पीत असता.

पण मला शेवट जोरदार पाहिजे होता. मी म्हटलं, आपल्या आज्या-पणज्यांकडे फ्रिज कुठे होता? तरी त्यांचं आलं महिनोन् महिने ताजं राहायचं. काहून? कारण त्या ते कुंडीत रेताड मातीत पुरून ठेवायच्या. पाहिजे तेव्हा बोटभर काढायचं, बाकीचं मातीत सुखाने पडून. तुमच्या घरी पण असेल की हो एखादी अशी कुंडी. आमच्या आईकडे होती. आणि हे बोलता बोलता माझी नजर गेली कोपऱ्यात.

जुनी कुंडी, रेताड माती, वर काही नाही.

मी खुरपी घेतली, कडेने माती हलवली, आणि वर आले गड्डे. गाठीगाठीचे, बोटं फुटलेले, मातकट. अगदी आलं! मी ते हातात धरून असा उभा राहिलो की काय सांगू. म्हटलं, पाहा, याला म्हणतात जुनी माणसं. बोललो आणि पुरावा हजर.

श्वेताने वाकून पाहिलं. तिने विचारलं की सर, याच्या मुळांना हे गोल गोल काय लटकून राहिलं आहे? मी म्हटलं, बेटा, आलं जुनं झालं की असं होतं. तिने तेही वहीत लिहिलं. ती वही अजून तिच्याकडे आहे आणि ती मला दाखवते कधी कधी.

वास घेतला तर थोडा कापरासारखा आला. मी लगेच जाहीर केलं की हे विदर्भातलं देशी आलं आहे, बाजारात मिळतं ते पाणचट असतं. मग काय, काकूंच्याच स्वयंपाकघरात जाऊन मी स्वतः चहा टाकला. चांगलं सढळ हाताने किसून घातलं.

चहा कडू झाला. कडू म्हणजे नुसता कडू नाही, पिताना नाकातून वाफ निघावी असा. सगळ्यांनी पहिला घोट घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. मग देशकर वहिनी म्हणाल्या, वेगळाच आहे नाही. मोघे आजोबांना महिनाभर खोकला होता, ते म्हणाले, "गला खुल गया भैया," आणि दुसरा कप मागितला. वंदनाने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "यात बाम घातलात का?"

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. उरलेले गड्डे मी वाटून टाकले. एक मोघे आजोबांना, एक देशकर वहिनींना, एक श्वेताला, राहिलेले आमच्या फ्रिजमध्ये. काकूंसाठी आणून ठेवू नवीन, त्यात काय मोठं? आणि कुंडी रिकामी कशाला राहू द्यायची, म्हणून त्यात कोथिंबीर पेरली. धने जरासे रगडून दोन फोडी करायच्या आणि मग पेरायचे, लवकर उगवतात. छान उगवली. आमच्या वाट्याचं ते देशी आलं मी आठवडाभर एकट्याने चहात घालून संपवलं. वंदनाने हात लावला नाही, पण माझा आता इज्जतीचा प्रश्न होता.

होळी झाली आणि पुण्याहून काकूंचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर नातू. काकूंचा चेहरा असा फुललेला मी काका गेल्यापासून पाहिला नव्हता. नातवाचं कौतुक झालं, हवापाणी झालं, आणि मग त्या म्हणाल्या, "विनू, आता कोपऱ्यातल्या कुंडीला पाणी सुरू कर हो. भुईचाफा जागा व्हायची वेळ झाली."

"कोणता भुईचाफा?" मी विचारलं.

त्यांना वाटलं, फोनचा आवाज नीट येत नसेल. म्हणून सगळं पुन्हा सांगितलं, ते दिवाळीत सांगितलेलंच. त्या लग्न होऊन जबलपूरला आल्या तेव्हा आईने अचलपूरच्या अंगणातला भुईचाफ्याचा गड्डा ओल्या फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिला होता. आई गेली, भाऊ गेला, अंगण विकलं गेलं. हा गड्डा तेवढा राहिला. दरवर्षी पानं वाळली की तो झोपतो, हिवाळाभर त्याला पाणीही द्यायचं नाही, आणि चैत्रात उघड्या मातीतून आधी फूल येतं, पानं नंतर. त्यातलं पहिलं फूल चैत्रगौरीला. काका गेल्यावर कोणी कुजबुजलं की आता हळदीकुंकू कशाला, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, गौर चैत्रात माहेरी येते, तिला माझ्या माहेरचं फूल मिळायला पाहिजे.

मी ते फूल पाहिलं होतं हो! दर चैत्रात आमच्याकडे आंब्याची डाळ यायची, वाटीत पन्हं यायचं, आणि गौरीपुढे ते पांढरं-जांभळं फूल असल्याचं वंदना सांगायची. ते कुठून येतं हे मी कधी विचारलं नाही. विचारण्याचं काम मी सोडलंच होतं, मी फक्त सांगत होतो.

"आणि या वेळी मुलगी पण येणार आहे बाळाला घेऊन," काकू म्हणाल्या. "तिच्यासाठी पण त्यातला एक गड्डा ठेवायचा आहे. माझ्या आईने मला दिला, मी तिला देईन. माहेरचं माझ्याजवळ आता तेवढंच आहे रे."

मी फोनवर "हो काकू, बघतो" म्हटलं आणि खुर्चीत बसलो. वंदना मागे उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं चिडेल. ती चिडली नाही. अगदी हळू म्हणाली, "तुम्ही काकूंचं माहेर चहात घालून प्यायलात."

 मला खरंच रडू येऊन राहिलं होतं.

गच्चीवर धावलो, कोथिंबीर उपटली, कुंडी चाळणीने चाळली. एक वाळकं मूळ निघालं. फ्रिज पाहिला, फ्रिजच्या मागे पाहिलं. ऑटो करून सदर बाजारात गेलो, तिथून दोन नर्सऱ्या पालथ्या घातल्या. नर्सरीवाला मला मोठा चाफा दाखवू लागला. मी म्हटलं जमिनीतून फूल येतं तो. तो म्हणाला, अंकल, सब ज़मीन से ही आता है. आणि मिळाला असता तरी तो अचलपूरचा थोडाच असता?

मग वाटलेल्या गड्ड्यांच्या मागे निघालो. आधी मोघे आजोबा. त्यांनी दारातच मिठी मारली. खोकला गेला म्हणाले, तुमच्या आल्याचा काढा आठ दिवस घेतला, अजून असेल तर द्या. अर्धा तुकडा त्यांनी मझौलीला साडूकडे पाठवला होता. मी तिथूनच मझौलीला फोन लावायला लावला. साडूंनी पण उकळून प्यायला होता, आणि ते पण म्हणाले, अजून असेल तर द्या.

देशकर वहिनींनी त्याचं लिंबातलं लोणचं घातलं होतं. मोठ्या कौतुकाने बरणी आणली. मी एकेक काप उजेडात धरून पाहू लागलो की कुठे डोळा फुटला आहे का. लोणच्यात! वहिनींनी विचारलं की सर, तब्येत बरी आहे ना? मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी बरणीचं झाकण लावलं आणि आत जाऊन देवापुढे उभ्या राहिल्या, कारण त्या दरवर्षी काकूंच्या हळदीकुंकवाला जातात.

राहिली श्वेता. तिच्या खोलीच्या पायऱ्या चढलो. दार उघडल्याबरोबर मी विचारलं, ते आलं काय केलंस? ती ओशाळली. तिला वाटलं मी चहा करायला आलो.

"सर, सच बोलूँ? वो चाय मुझे अच्छी नहीं लगी थी. इसलिए यूज़ ही नहीं किया."

"मग फेकलंस?"

"नहीं ना. आपने ही तो क्लास में कहा था, रेतीली मिट्टी में दबा के रखो, ख़राब नहीं होता. तो दबा दिया."

खिडकीत एक जुना आइस्क्रीमचा डबा होता. तळाला भोकं पाडलेली, कारण क्लासमध्ये मी भोकं पाडायला सांगितलं होतं. आत नर्मदेची वाळू आणि माती अर्धी अर्धी, कारण मी अर्धी अर्धी सांगितली होती. नऊ माणसांत त्या एका पोरीने माझं ऐकलं होतं. वाळू जराशी ओलसर होती आणि मधोमध एक जांभळं टोक वर आलेलं होतं, गव्हाच्या दाण्याएवढं.

मी तिच्या पायरीवर बसलो आणि रडलो. घाबरून ती पाणी घेऊन आली. मी हिंदी-मराठी एक करून सगळं सांगितलं. ती आधी गंभीर झाली, मग तिने वही आणली आणि "आलं जुनं झालं की असं होतं" यावर काट मारली.

डब्यासकट तो गड्डा काकूंच्या गच्चीवर आला. मातीचा गोळा न फोडता मी आणि श्वेताने तो जुन्या कुंडीत उतरवला. मी खुरपीला हात लावला नाही, तिनेच लावला. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी ती येऊन पाहायची, मी पाहायचो, वंदना पाहायची. देशकर वहिनी देवाला फूल वाहून यायच्या. कोणत्याही परीक्षेच्या निकालाची मी इतकी वाट पाहिली नाही.

रामनवमीला काकू आल्या. सोबत मुलगी आणि बाळ. आणि हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी, काय सांगू, उघड्या मातीतून फूल उमललं होतं. पांढऱ्या पाकळ्या, खाली जांभळी. काकू कुंडीजवळ बसल्या, हात फिरवला. म्हणाल्या, दरवर्षी सात-आठ तरी येतात, यंदा एकच काहून?

"थंडी फार पडली काकू," मी म्हटलं. वंदनाने दुसरीकडे तोंड केलं.

मी ठरवलंच होतं की सांगायचं नाही. फूल आलं, गौरीला मिळालं, संपलं. कशाला म्हातारीच्या जिवाला त्रास? असं मी मनाला समजावलं होतं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

संध्याकाळी घर बायकांनी भरलं. मी पन्ह्याचे ग्लास पोचवून राहिलो होतो. मोघे आजी आल्या आणि त्यांना सोडायला आजोबा आले. आजोबांना दारातून पन्हं दिलं. ते प्यायले, ग्लास परत दिला, आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सुधाताई, तुमच्या कोपऱ्यातल्या कुंडीतलं आलं फार गुणकारी हो. माझा खोकलाच पळाला. अजून आहे का?"

 देशकर वहिनी आपल्या डाळीकडे पाहू लागल्या. काकूंनी आजोबांकडे पाहिलं, मग गौरीपुढच्या त्या एकट्या फुलाकडे, मग माझ्याकडे. काय झालं ते त्यांना तिथेच कळलं असावं, पण त्यांनी मला सांगू दिलं.

आणि मी सांगितलं. क्लासपासून, टोपीपासून, खुरपीपासून. मझौलीचे साडू, लोणच्याची बरणी, आइस्क्रीमचा डबा, काही लपवलं नाही. शेवटी हात जोडून माफी मागितली.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "चहा कसा झाला होता?"

"कडू."

"सगळ्यांनी प्यायला?"

"आजोबांनी दोनदा."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडून राहिल्या आहेत. खांदे हलत होते. मग आवाज फुटला आणि त्या इतक्या हसल्या की बाळ दचकून उठलं. मुलगी हसली, देशकर वहिनी हसल्या, काय झालं ते न कळता आजोबाही हसले. हसता हसता काकूंनी डोळे पुसले, आणि ते सगळं पाणी हसण्याचं नव्हतं हे मला दिसलं. मला फार वाईट वाटलं. पण त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी आई मारायची तशी.

मग श्वेताला बोलावून गौरीसमोर पाटावर बसवलं, तिला कुंकू लावलं, डाळ दोनदा वाढली. म्हणाल्या, पावसाळाभर वाढू दे याला. दिवाळीनंतर झोपला की गड्डे वेगळे करू. एक पुण्याला, एक माझ्याजवळ, एक या पोरीला.

"आणि मला काकू?" मी विचारलं.

"तुला कोथिंबीर."

तर आता एक सल्ला देतो, शेवटचा. हिवाळ्यात कुंडी रिकामी दिसली म्हणजे ती रिकामी असते असं समजू नका. भुईचाफा आहे, निशिगंध आहे, हळद आहे, पानं वाळवून खाली झोपलेले असतात. पाणी तोडा, सावलीत सरकवा आणि हात लावू नका. हे श्वेताच्या वहीतून वाचून सांगतो आहे.

या दिवाळीनंतर काकू पुन्हा पुण्याला गेल्या, फडक्यात गड्डा बांधून. किल्ली यंदाही मलाच दिली. इतक्या भरवशाची माझी लायकी नाही, हे मला कळतं. मी वर गेलो तर प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमच्या काडीला चिकटवलेली एकेक चिठ्ठी, काकूंच्या अक्षरात. मोगऱ्यावर लिहिलं होतं, हे आलं नाही. गुलाबावर, हेही आलं नाही. तुळशीवर, विनू, हे तर मुळीच नाही. तीस कुंड्या, तीस चिठ्ठ्या! कोपऱ्यातल्या कुंडीवर लिहिलं होतं, श्वेताला विचार.

आणि जिन्याजवळ एक नवी कुंडी होती. रेताड माती, वर काही नाही. तिच्यावरची चिठ्ठी अशी: हे आलं आहे. बाजारातून आणून तुझ्यासाठी पुरलं आहे. चहात घाल.

दोन महिने झाले. रोज त्या कुंडीसमोर उभा राहतो, खुरपी हातात घेतो आणि परत येतो. हिंमत होत नाही हो. म्हणून म्हणतो, वेलचीचाच घ्या.